आधी काय तुटेल?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधला नवा पोरगा ट्रे घेऊन समोर येऊन बसला. डोळ्यांत चमक, हातात मोबाईल. गेल्या वर्षी टर्बो हॅचबॅक घेतलीय त्याने. ईएमआय अजून कोवळा आहे. म्हणाला, "सर, एक जण ईसीयू रीमॅप करून देतोय. रेव्ह लिमिट पण हजाराने वाढवून देतो म्हणाला. लॅपटॉप लावायचा, आकडा बदलायचा, अर्ध्या तासात काम तमाम! करू का?"

मी हातातली पोळी खाली ठेवली. कारण हाच अर्ध्या तासाचा उद्योग मला दोन वर्षं आणि पाच लाखांना पडलाय. ती गोष्ट मी त्याला सांगितली. आता तुम्हालाही सांगतो.

माझी गाडी म्हणजे २००५ची ऑक्टाविया आरएस. २०१२ साली सेकंडहँड घेतलेली. आमच्या वयाच्या गाडीवेड्या माणसापुढे हे नाव नुसतं काढा, तो सुस्कारा सोडेल. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच असे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्या रस्त्यांवर १५० म्हणजे जाम भारी आकडा होता. काँप्युटरवाल्याकडून थोडा बूस्ट वाढवून घेतला होता, एक्झॉस्ट मोठा केला होता. थोडक्यात, स्वतःला फार शहाणा समजण्याइतपत सामान माझ्याकडे होतं.

फेब्रुवारी २०२०. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आम्ही चार मित्र पुण्याहून गाड्या चालवत गेलो. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. दुपारचं सेशन. सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये साडेसहा हजार आरपीएम. पुढचा मित्र टप्प्यात आलेला. आता चौथा टाकायचा आणि त्याला गाठायचं.

चौथा टाकायचा होता. मी दुसरा टाकला.

एक किंचाळी. पुढच्या चाकांची करकर. एक टणत्कार. आणि मग ती विलक्षण शांतता, जी ऐकल्यावर माणूस आधी स्टिअरिंगकडे बघतो आणि मग मनातल्या मनात बँक बॅलन्सकडे.

रेसिंगवाले याला 'मनी शिफ्ट' म्हणतात. का म्हणतात ते बिल आल्यावर कळतं. तुम्ही म्हणाल, गाडीला रेव्ह लिमिटर असतो ना? असतो. पण तो काय करतो, तर ठरलेल्या फेऱ्यांवर पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो. इंजिन स्वतःच्या जोरावर त्यापुढे जाऊ शकत नाही. इथे मात्र इंजिन स्वतः फिरत नव्हतं. धावणारी गाडी चाकांकडून त्याला फिरवत होती. तिसऱ्यापेक्षा दुसऱ्या गिअरला जवळपास दीडपट फेरे लागतात. म्हणजे साडेसहा हजाराचे साडेनऊ हजार झाले, क्लच सोडल्याच्या क्षणी. लिमिटर बिचारा पेट्रोल तोडून बसला असेल. ऐकतंय कोण!

व्हॉल्व्हना वेळेत मिटता आलं नाही. खालून पिस्टन आले आणि त्यांना वाकवून गेले. आठ व्हॉल्व्ह वाकले, दोन पिस्टनवर खड्डे पडले, एका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा पत्रा झाला.

रात्री हॉटेलवरून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "मागून कुणी येत होतं का?"

येत होतं. आमच्यातलाच एक, तीस-चाळीस फुटांवर. माझी पुढची चाकं क्षणभर धरली गेली तेव्हा त्याने गाडी बाजूला काढली, म्हणून वाचलो. दोघंही. हे मी तोपर्यंत कुणाला बोललो नव्हतो. स्वतःलासुद्धा.

बाबांची ओळख करून देतो. खडकीच्या इंजिन कारखान्यात टेस्टिंगला एकतीस वर्षं. जनरेटरची डिझेल इंजिनं. ती मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतात, कारण त्याच गतीला आपली ५० हर्ट्झची वीज तयार होते. ना कमी, ना जास्त. दिवसचे दिवस १५००! मी लहानपणी त्यांना विचारायचो, "कंटाळा नाही येत?" ते म्हणायचे, "इंजिनाला येत नाही ना, मग झालं."

गाडी फ्लॅटबेडवर पुण्याला आली. मेकॅनिकने इंजिन उतरवून बाबांच्या चिंचवडच्या घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवलं. आणि पंधरा दिवसांत लॉकडाऊन लागला. मशीन शॉप बंद, पार्ट्‌स बंद, ऑफिस घरातून. मी, बायको आणि आमचं बाळ चिंचवडलाच अडकलो. संध्याकाळी मीटिंगा संपल्या की शेडमध्ये मी, बाबा आणि ते सताड उघडं इंजिन.

पहिल्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, "आता उघडलंच आहे तर आठ हजार फिरणारं करू."

"का?"

"का म्हणजे काय बाबा? जास्त फेरे, जास्त पॉवर."

"कागदावर दाखव."

इथे माझी इंजिनिअरिंगची डिग्री उघडी पडली. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, हे बरोबर. पण दोन्ही वाढत राहिले तर! माझ्या इंजिनाचा टॉर्क कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २१० न्यूटन मीटर, १७५० पासून ४६०० पर्यंत. १५० हॉर्सपॉवर मिळते ५७०० ला. गणित उलटं मांडलं तर तिथे टॉर्क उरतो साधारण १८४. त्यापुढे तो इतका भराभर पडतो की फेरे वाढले तरी पॉवर कमीच होत जाते.

का पडतो? कारण कंपनीने लहान टर्बो दिला होता. लहान टर्बो पटकन फिरतो, सिग्नलवरून गाडी झटकन उठते, शहरात मजा येते. पण वरच्या फेऱ्यांना इंजिनातून इतका धूर निघतो की त्या लहानशा टर्बाइनमधून तो मावत नाही. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनचा जिना आठवा. मागून माणसं येतच असतात, पुढे जायला जागा नसते. मग धूर सिलिंडरमध्ये तुंबतो आणि ताजी हवा आत शिरायला जागाच राहत नाही.

"म्हणजे," बाबा चष्मा पुसत म्हणाले, "नुसती रेडलाइन वाढवलीस तर तुला मिळणार फक्त आवाज."

हा पहिला धडा. इंजिन वर फिरवायचं असेल तर आधी त्याला वर श्वास घेता आला पाहिजे. मोठा टर्बो, जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारे कॅमशाफ्ट, हेडमधले मार्ग मोकळे, हवा थंड करायला मोठा इंटरकूलर. आणि त्याची किंमत आधीच कबूल करायची. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, खालच्या फेऱ्यांना गाडी सुस्त होते. वर कमवायचं तर खाली गमवायचं. फुकट काही नाही.

दुसरा धडा एका प्रश्नाचा होता. बाबांनी खांद्यावरचा फडका काढून हात पुसले आणि विचारलं, "बरं, आठ हजार. आधी काय तुटेल?"

"काही तुटू नये म्हणून तर फोर्ज्ड रॉड घालतोय ना."

"तसं नाही रे. प्रत्येक इंजिनात काहीतरी आधी तुटणारच. तुला ते माहीत आहे का, एवढंच विचारतोय."

तो सगळा एप्रिल आम्ही या एका प्रश्नावर काढला.

पिस्टनपासून सुरुवात केली. पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. इतक्या लवकर थांबायचं तर प्रचंड ताकद लागते, आणि ती फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. फेरे दुप्पट तर ताण चौपट. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरा. माझ्या इंजिनाचा स्ट्रोक ८६.४ मिलीमीटर. ६८०० फेऱ्यांना तो अर्धा किलो रॉडला जवळपास दीड टनाने वर खेचतो. म्हणजे मला बसवून अख्खी ऑक्टाविया त्या रॉडला टांगली! आठ हजारांना तोच आकडा दोन टनांवर जातो. फेरे वाढले फक्त १८ टक्के, ताण वाढला ३८ टक्के.

आणि यात एक मेख आहे. आम्ही पोरं समजत होतो की टर्बोचा बूस्ट रॉड तोडतो. बूस्ट रॉडला दाबतो. जास्त झाला तर रॉड वाकतो. फेरे रॉडला ताणतात. धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो, त्या क्षणी त्याच्या डोक्यावर दाबणारं काहीच नसतं. सगळा ताण रॉडवर आणि त्याच्या टोपीच्या दोन बोल्टांवर. आठ हजारांना सेकंदाला ६६ वेळा. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर डोकावतो, आणि त्याच्यापाठोपाठ गरम ऑइल. मागच्याच्या टायरखाली.

दोन दुखणी, दोन औषधं. दाबासाठी जाड, घडीव रॉड. ताणासाठी हलका पिस्टन आणि वरच्या दर्जाचे बोल्ट. नुसते घेऊन भागत नाही, ते आवळायचे कसे हेही आहे. मी टॉर्क रेंच काढला, तर बाबा म्हणाले, "तो घर्षण मोजतो, बोल्ट नाही." आट्यांना तेल कमी-जास्त लागलं तरी रेंचचा आकडा तोच येतो आणि बोल्ट मात्र कमी-जास्त ताणला जातो. म्हणून बोल्टची लांबी आवळण्याआधी मोजायची, आवळल्यावर मोजायची. बनवणाऱ्याने सांगितलेला ताण आला पाहिजे. आठ बोल्ट, आठ नोंदी. त्यांच्या जुन्या डायरीत, पेन्सिलने.

मग व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडतो कॅम, पण मिटतो स्प्रिंग. फेरे फार वाढले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह कॅमच्या पाठीला चिकटवून ठेवता येत नाही, तो हवेत तरंगतो. टर्बो असेल तर आणखी लोचा. बूस्ट आतल्या बाजूने व्हॉल्व्हच्या पाठीला ढकलत असतो. माझा इनटेक व्हॉल्व्ह साधारण २७ मिलीमीटरचा. दीड बार बूस्टला त्याच्यावर जवळपास नऊ किलोचा धक्का बसतो, उघडण्याच्या दिशेने. म्हणजे स्प्रिंगमधून नऊ किलो वजा! तिकडे एक्झॉस्टमध्ये तुंबलेला धूर त्या बाजूच्या व्हॉल्व्हशी हेच करतो. त्यात माझ्या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट. व्हॉल्व्ह तरंगला की ते मधली फट तेलाने भरून टाकतात, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.

हे दुखणं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं नाही. १९७७ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी आणली, तेव्हा ती इतकी वाफाळायची की लोक तिला पिवळी चहाची किटली म्हणायचे. १९८३ मध्ये नेल्सन पिकेने बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बोवर विश्वविजेतेपद मिळवलं. टर्बो इंजिनाचं ते पहिलं. त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या गाड्यांचाच, ओतीव लोखंडाचा! फेरे आणखी वाढवायचे तर स्प्रिंगच आडवी येत होती. मग १९८६ मध्ये रेनोने व्हॉल्व्ह मिटवायला लोखंडी स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा वापरली. बाबांना हे सांगितलं तर एकदम खूश. म्हणाले, "बघ, त्यांनी आधी काय तुटतंय ते शोधलं, मग तेवढंच बदललं."

आमच्याकडे हवेची स्प्रिंग कुठून येणार? वीस दुहेरी स्प्रिंगा मागवल्या. बनवणाऱ्याच्या तक्त्यातून, आमचा कॅम आणि आमचा बूस्ट धरून हिशेब केला. ७८०० च्या आसपास त्यांचा दम संपत होता. आणखी कडक घेतल्या तर कॅम आणि टॅपेट लवकर झिजणार.

मग तेल. धातू धातूला टेकू नये म्हणून बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. त्याला जागा किती? माझ्या रॉड बेअरिंगला साधारण ०.०५ मिलीमीटर. केसाच्या जाडीहून कमी. कमी जागा ठेवली तर तेल तापून पातळ होतं, जास्त ठेवली तर दाब टिकत नाही. मेणासारखा एक बारीक दोरा बेअरिंगमध्ये ठेवून टोपी आवळायची, उघडायची, चपटा झालेला दोरा पट्टीशी ताडून बघायचा. बाबांनी प्रत्येक बेअरिंग तीन-तीनदा बघितलं. मी मोबाईलच्या उजेडासाठी नेमलेला. लांब वळणावर चेंबरमधलं तेल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो, म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं बसवली.

यादी इथे संपली नाही. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील भलत्या फेऱ्यांना फुटलं तर त्याचे तुकडे केबिनमध्ये येतात, पायांच्या दिशेने. म्हणून पोलादी, सर्टिफाइड फ्लायव्हील. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स. सहा हजारांना एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं असतं, आठ हजारांना १५. तेवढ्यात पेट्रोल पोचलं पाहिजे, म्हणून मोठे इंजेक्टर आणि पंप. पेट्रोल कमी पडलं किंवा हवा फार तापली की मिश्रण भलत्या वेळी स्वतःच पेटतं, आणि हे 'नॉकिंग' घडीव पिस्टनलाही भोकं पाडतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, आमच्यासाठी ते देवासारखं आलं.

बायको शेडच्या दारात चहा घेऊन यायची. यादी बघून एकदा म्हणाली, "पाच लाख? अरे, एवढ्यात चांगली चालणारी सेकंडहँड गाडी येते." खरं होतं. मी गप्प. उत्तर बाबांनी दिलं, "येईल गं. पण हा शेडमध्ये नाही येणार." त्यावर तिने दोन कप ठेवले आणि काही न बोलता आत गेली. त्या वाक्यातली मेख मला मात्र बऱ्याच उशिरा कळली. नोकरी लागल्यापासून आम्ही दोघं इतके सलग कधी बोललोच नव्हतो.

मग आकडा ठरवायचा दिवस आला. माझा आठ हजार. बाबांच्या डायरीत स्प्रिंगांपुढे ७८००, आणि नव्या टर्बोपुढे, पॉवर ६८०० च्या पुढे वाढणार नाही असा अंदाज. त्यांनी मधे एक रेघ मारली. ७४००. जुन्या मर्यादेच्या मानाने रॉडवरचा ताण १८ टक्के जास्त, ३८ नाही. गिअर बदलायला पॉवरच्या शिखरापुढे सहाशे फेरे. स्प्रिंगचा दम संपायला चारशे बाकी.

"आठ हजारांचे पार्ट्‌स घालून ७४०० वर थांबायचं?" मी कुरकुरलो.

"ज्याला सुरक्षित म्हणतात ना, ते त्या सहाशेत असतं."

आणखी दोन गोष्टी त्यांनी ईसीयूमध्ये घालून घेतल्या. ऑइल ८० अंश होईपर्यंत इंजिन साडेचार हजारांपुढे जाणारच नाही. आणि वरच्या फेऱ्यांना ऑइलचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की डॅशवर लाल दिवा.

पण मनी शिफ्टचं काय? त्याला ना लिमिटर, ना लाल दिवा. त्याचा इलाज माझ्या डाव्या हातात होता. घाईत मी दांडा मुठीत आवळून स्वतःच्या ताकदीने ढकलत होतो. गिअरच्या दांड्याला मधली स्प्रिंग असते, मोकळा सोडला की तो आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ करायची नाही, बोटांनी सरळ मागे ओढायचा. बस्स! शिवाय इंजिनाचे रबरी माउंट सैल होते, जोरात इंजिन डोलायचं आणि गिअर शोधावा लागायचा. तेही बदलले. पाच लाखांच्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम बोटांचं होतं आणि ते फुकट होतं.

एक कायद्याची गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत कायद्याला न जुमानता बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. इन्शुरन्सही असल्या गाडीला पाठ दाखवतो. माझ्या गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२० मध्येच संपत होतं. मी ते पुढे वाढवलं नाही. ती आता रस्त्यावर येत नाही. ट्रेलरवरून ट्रॅकवर, ट्रॅकवरून ट्रेलरवर. ज्यांना एक्स्प्रेसवेवर सात हजार फिरवायचे आहेत, त्यांच्यासाठी हा कॉलम नाही.

मशीन शॉप सुरू झाले, भोसरीतल्या काकांनी ब्लॉक बोअर करून दिला, इंजिन उभं राहिलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा थंडीत घडीव पिस्टन टकटक वाजले. मी घाबरलो, बाबा हसले. तापल्यावर पिस्टन फुगतो, आवाज जातो. पहिला ऑइल फिल्टर त्यांनी कापून कागद अंगणात उन्हात पसरला. चकाकी दिसली तर बेअरिंग खातंय. नव्या इंजिनाची थोडी रज दिसली. दुसऱ्या फिल्टरला तीही नाही.

फेब्रुवारी २०२२. पुन्हा इरुंगट्टुकोट्टई. या वेळी बाबाही आले. पिटमध्ये प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर टोपी, मांडीवर डायरी. तिसऱ्या लॅपला गाडी अशी काही ओढत होती की सांगता सोय नाही. जुनी जिथे धापा टाकायची तिथे ही नुकती गायला लागायची. पुढे तोच मित्र, दोन वर्षांपूर्वी ज्याला गाठायचं राहिलं होतं. लांब उजवं वळण, सात हजार, आणि डॅशवर लाल दिवा. एकदा लुकलुकला आणि विझला.

खरं सांगतो, मनात आलं की विझला ना, चल पुढे. एवढा सरळ पट्टा, मग बघू. आणि त्याच क्षणी कानात ऐकू आलं, "मागून कुणी येत होतं का?"

पाय उचलला. हात बाहेर काढून मागच्यांना पुढे जाऊ दिलं आणि हळूहळू पिटमध्ये आलो. डिपस्टिक काढली, तेल अर्धा लिटर कमी. वरच्या फेऱ्यांना इंजिनाच्या पोटातला दाब तेल ब्रीदरमधून बाहेर फेकत होता, सगळं कॅच कॅनमध्ये साठलेलं. आणखी दोन लॅप केले असते तर त्या केसाएवढ्या जागेतला पडदा फाटला असता. आधी काय तुटेल याच्या आमच्या यादीत कॅच कॅन नव्हताच! पण थांबायची जागा ठरलेली होती, म्हणून वाचलो.

बाबा काही बोलले नाहीत. रात्री हॉटेलवर ते झोपल्यावर मी डायरी उघडली. शेवटची नोंद अशी होती: "७४००. तेल अर्धा लि. कमी. ब्रीदर मोठा करणे. पोरगा वेळेत थांबला."

पाच लाखांची पावती मी कुठे ठेवली ते आठवत नाही. त्या पानाचा फोटो मात्र मोबाईलमध्ये आहे.

तर, कँटीनमधल्या पोराला मी सल्ला दिला नाही. फक्त म्हटलं, "त्या रीमॅपवाल्याला एकच प्रश्न विचार, आधी काय तुटेल?"

काल तो पुन्हा ट्रे घेऊन समोर बसला. "विचारलं सर."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, काही नाही होत हो! बिनधास्त!"

"मग?"

"कॅन्सल केलं."

मी त्याला माझ्या ताटातला गुलाबजाम देऊन टाकला.